चाबी हातात येईस्तोवर पैसा सोडू नका

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की परदेशात किरायाने घर शोधताना काय अडचण येऊन राहिली ते लिहून पाठवा. मेलवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, काहींची तर पोस्टाने पत्रं आली, सगळ्यांना एका अंकात उत्तर देणं जमणार नाही म्हणून सहा प्रश्न घेतलेत. मी स्वतः सहा वर्षं श्टुटगार्टला आणि नंतर तीन वर्षं दुबईत किरायाच्या घरात काढली, तेव्हा तिथलं अंगावर काढलेलं आहे. इंग्लंड-कॅनडाचं मात्र तिथं गेलेल्या आपल्याच पोरापोरींचे कागद वाचता वाचता शिकले. नाव कोणाचंच छापलेलं नाही, फक्त वस्ती दिली आहे.

माझा मुलगा ऑक्टोबरपासून म्युनिकला मास्टर्स करायला चालला आहे. होस्टेलची वेटिंग फार लांब आहे. ऑनलाइन एक फ्लॅट मिळाला, सगळं धरून 520 युरो, फर्निचरसकट, फोटो फार सुंदर. मालक म्हणतो मी सध्या लंडनला नोकरीला आहे, पासपोर्टची कॉपी आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट अधिक पहिला किराया असे 1560 युरो पाठवा, चाबी कुरिअरने येईल, पसंत नाही पडलं तर पैसे परत. मुलगा म्हणतो आई लवकर कर नाहीतर हातचं जाईल. मिस्टर म्हणतात थांब. काय करू?
एक आई, प्रतापनगर

ताई, पैसे पाठवू नका. मुलगा कितीही घाई करत असला तरी नाही. तुमचे मिस्टर बरोबर सांगून राहिले आहेत.

तुम्ही लिहिलेली एकेक गोष्ट मी आधी ऐकलेली आहे, मालक दुसऱ्या देशात, घर दाखवू शकत नाही, चाबी कुरिअरने, पसंत नाही पडलं तर परत, आणि किराया असा की वाटावं गणपतीबाप्पाच पावला. किरायाच्या बाबतीत म्युनिक हे जर्मनीतलं सगळ्यात महाग शहर आहे, तिथं 520 युरोत सगळं धरून आख्खा फ्लॅट दिसला तर आनंद व्हायच्या आधी भीती वाटायला पाहिजे. फोटो दुसऱ्याच कुठल्यातरी घराचे असतात आणि तुम्ही पाठवलेली पासपोर्टची कॉपी पुढच्या पोराला फसवताना "हा पाहा माझा पासपोर्ट" म्हणून वापरली जाऊ शकते. आपलं लेकरू परक्या गावात उतरल्यावर पहिल्या रात्री झोपेल कुठं, ही जी आईची काळजी असते ना, तिच्यावरच हे लोक पैसे काढतात, मला याचा मनापासून संताप येतो. समजा हे छापून येईपर्यंत पैसे गेलेच असतील तर लाजू नका, त्याच क्षणी बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरवर तक्रार करा, जितका उशीर तितकी रक्कम थांबायची शक्यता कमी.

आता खरा व्यवहार कसा असतो ते पाहा म्हणजे खोटा ओळखता येईल. जर्मनीत डिपॉझिटला कौत्सिओन म्हणतात. तिथल्या कायद्यातच लिहिलेलं आहे की ते तीन महिन्यांच्या मूळ किरायापेक्षा जास्त घेता येत नाही, किरायदाराला ते तीन सारख्या हप्त्यांत द्यायचा हक्क आहे, आणि पहिला हप्ता करार सुरू होतो तेव्हा द्यायचा असतो. शिवाय मालकाने तो पैसा स्वतःच्या पैशात न मिसळता वेगळा ठेवायचा असतो. मग सांगा, ज्या देशात घरात पाय ठेवल्यावर डिपॉझिट द्यायचं असतं तिथला मालक तुम्हाला नागपुरात बसल्याबसल्या तीन महिन्यांचे पैसे का मागेल? जाहिरातीत दोन आकडे दिसतील, काल्टमीटे म्हणजे थंड किराया, नुसत्या घराचा, आणि वार्ममीटे म्हणजे गरम किराया, त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरलेलं असतं पण लाइटबिल आणि इंटरनेट बहुतेक वेगळं. डिपॉझिट थंड किरायावर मोजायचं, हे पोराला पाठ करवून घ्या.

मग घर शोधायचं कसं, तर दोन टप्प्यांत. पहिला महिना-दोन महिने तात्पुरती जागा आणि तिथं राहून, स्वतः जाऊन, पाहून मग पक्कं घर. तात्पुरत्याला तिकडे त्स्विशनमीटे म्हणतात, कोणी विद्यार्थी इंटर्नशिपला दुसऱ्या गावी जातो तेव्हा आपली खोली तेवढ्यापुरती देतो. किंवा वेगे, म्हणजे तीनचार जण मिळून एक फ्लॅट, प्रत्येकाची खोली वेगळी आणि किचन एक, तिथं तुमचा व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू घेतात, पोरं पोरांना निवडतात. त्या कॉलवर तुमच्या मुलाने समोरच्याला म्हणावं, बाबा रे, मोबाइल घेऊन खाली जा आणि मला बेल दाखव. कारण तिथं बहुतेक ठिकाणी फ्लॅटला नंबर नसतो, बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव असतं, आणि ते नाव नसलं तर पोस्टमन पत्र परत नेतो. जो खरा राहतो तो दोन मिनिटांत बेल दाखवेल, जो टाळाटाळ करेल त्याला सोडून द्यायचं. होस्टेलच्या यादीतून नाव मात्र काढू नका, श्टुडिएरेंडनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांची होस्टेलं चालवणारी संस्था, तिच्या खोल्या सगळ्यात स्वस्त असतात आणि सेमिस्टर सुरू झाल्यावरसुद्धा नंबर लागतो.

तात्पुरती जागा घेताना एकच प्रश्न आधी विचारायचा, इथं आनमेल्डुंग होईल का? नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत सरकारी ऑफिसात पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घर देणाऱ्याची सही असलेला एक कागद लागतो. त्या नोंदणीवरच पुढचं सगळं, टॅक्सचा नंबर त्या पत्त्यावर येतो, व्हिसा वाढवायचा तर तोच कागद लागतो, बँकवालेही मागतात. "राहा पण नोंदणी करू नका" असं कोणी म्हटलं तर ती जागा पहिल्या चार दिवसांपुरती ठीक, त्याच्या पुढे नाही.

बजेटचं पण बोलते, कारण तुम्ही आई आहात आणि घरचं गणित तुम्हीच लावत असाल. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो ठेवायला लावतात ना, त्यातून महिन्याला 992 युरोच निघतात, त्यातच किराया, इन्शुरन्स, खाणंपिणं, सगळं. म्युनिकमध्ये एकट्याने आख्खा फ्लॅट घ्यायचा विचार त्यात बसत नाही, वेगेमधली खोलीच बसते, तीही ओढूनताणून. आणि जाहिरातीत "दोन झिमर" लिहिलं तर टूबीएचके समजू नका, हॉल धरून दोन खोल्या. रिकामं घर घेतलं तर पुष्कळदा किचनसुद्धा नसतं, अगदी सिंकपण नाही, आधीचा किरायदार ओटा काढून घेऊन जातो किंवा तुम्हालाच विकतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भिंतीतून आलेला नुसता नळाचा पाइप पाहून कितीतरी वेळ तिथंच उभी राहिले होते.

आणि हे एक माझ्या पदरचं. आपण नागपूरचे लोक उन्हाळ्यात सकाळी दहालाच खिडक्या लावून कूलर चालू करणारे, घर बंद ठेवलं की घर चांगलं राहतं असं आपल्या हाडात बसलेलं असतं. मी श्टुटगार्टला पहिला हिवाळा तसाच काढला, हीटर चालू आणि खिडक्या बंद, आत रोज भात शिजतो, कपडे वाळतात. फेब्रुवारीपर्यंत बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी. तिथं थंडीतसुद्धा दिवसातून दोनतीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या असतात, करारातपण लिहिलेलं होतं, मी जर्मन नीट वाचलं नाही. घर सोडताना मालकाने रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले आणि त्यात एक डाग मी यायच्या आधीचा होता पण सिद्ध करायला माझ्याजवळ फोटोच नव्हता. म्हणून चाबी घेताना हँडओव्हरचा कागद, त्याला युबरगाबेप्रोटोकोल म्हणतात, भरून दोघांच्या सह्या, मीटरचे आकडे, आणि भिंतीच्या प्रत्येक कोपऱ्याचा फोटो. प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

मिस्टरांना दुबईत जॉब लागला आहे, मी आणि मुलगी दोन महिन्यांनी जाणार. एजंट म्हणतो वर्षाचा किराया चार चेकमध्ये द्या, वरून डिपॉझिट, कमिशन वेगळं. आपल्याकडे महिन्याच्या महिन्याला देतात, हे चेकचं काय प्रकरण आहे? आणि चेक आधी दिले न् नोकरी गेली तर?
एक वाचक, मनीषनगर

चेकचं खरं आहे, फसवणूक नाही, तिथली रीतच तशी आहे. दुबईत जाहिरातीत दिसणारा आकडा वर्षाचा असतो, आणि तो एक, दोन, चार, सहा, कधी बारा पुढच्या तारखांच्या चेकमध्ये द्यायचा, जितके कमी चेक तितका मालक किराया कमी करायला तयार. समजा 60,000 दिरहमचा फ्लॅट आणि चार चेक, तर पहिला चेक 15,000 चा. डिपॉझिट साधारण वर्षाच्या किरायाच्या 5 टक्के म्हणजे 3,000, फर्निचर असलं तर 10 टक्के. एजंटचं कमिशन बहुतेक 5 टक्के, आणखी 3,000. वीज-पाण्याच्या कनेक्शनला, त्याला सगळे डेवा म्हणतात, फ्लॅटसाठी 2,000 चं डिपॉझिट. म्हणजे घरात गॅसची शेगडीपण आली नाही आणि 23,000 दिरहम गेले. एवढी रक्कम पहिल्या पगाराच्या आधी लागते, ही गोष्ट ऑफर लेटर साइन करतानाच मिस्टरांनी कंपनीशी बोलायला पाहिजे, पुष्कळ कंपन्या हाउसिंग अ‍ॅडव्हान्स देतात आणि पगारातून कापून घेतात, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. आणि पहिलं डेवाचं बिल पाहून घाबरू नका, त्यात वर्षाच्या किरायाच्या 5 टक्के हाउसिंग फी बारा भागांत लागून येते, 60,000 वर महिन्याला 250 दिरहम.

पण चेक द्यायला चेकबुक पाहिजे, चेकबुकला बँक अकाउंट, अकाउंटला एमिरेट्स आयडी, आणि तो रेसिडेन्स व्हिसा झाल्याशिवाय नाही. म्हणजे इथंसुद्धा दोन टप्पेच. मिस्टरांनी पहिला महिना कंपनीच्या जागेत किंवा हॉटेल अपार्टमेंटमध्ये काढावा. तेवढ्यात पैसे वाचवायला बेडस्पेस, म्हणजे नुसता एक बेड, किंवा हॉलमध्ये पार्टिशन टाकून केलेली जागा घेऊ नका म्हणावं, असं परवानगी नसताना केलेलं पार्टिशन बेकायदेशीर असतं, महापालिकेची माणसं आली तर रातोरात सामान बाहेर.

सगळ्यात महत्त्वाचं, चेक कोणाच्या नावाने लिहिता ते पाहा. टायटल डीडवर, म्हणजे घराच्या मालकीच्या कागदावर, जे नाव आहे त्याच नावाने, किंवा मालकाने रीतसर मुखत्यारपत्र दिलेल्या मॅनेजमेंट कंपनीच्या नावाने, आणि ते मुखत्यारपत्र स्वतः पाहून. एजंटच्या नावाने किरायाचा चेक कधीच नाही. एजंटला लायसन्सचं कार्ड असतं, ते मागायला संकोच करायचा नाही, कार्ड मागितल्यावर रागावणारा एजंट असला तर उठून यायचं. आणि करार झाला की ईजारी. ईजारी म्हणजे आपला किरायाचा करार सरकारकडे नोंदवणं, ते झालं तरच डेवाचं कनेक्शन, तेच तुमच्या आणि मुलीच्या फॅमिली व्हिसालाही लागतं, आणि भांडण झालं तर किराया-तंट्याच्या कोर्टात तोच कागद बोलतो. आपल्याकडेही 11 महिन्यांच्या कराराची नोंदणी कायद्याने सक्तीचीच आहे बरं का, 1999 च्या किराया कायद्यात तसं आहे, पण इथं स्टॅम्पपेपरवर सही करून कपाटात ठेवायची सवय पडलेली आहे. ती सवय तिकडे नेऊ नका.

नोकरी गेली तर, हा प्रश्न तुम्ही विचारला हे फार चांगलं केलं. चेक देऊन ठेवले म्हणजे ते त्या-त्या तारखेला वटणार. खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत गेला तर 2022 पासून बहुतेक प्रकरणांत आधीसारखा फौजदारी गुन्हा होत नाही, पण मालक थेट वसुलीच्या कोर्टात जाऊ शकतो, ते हलकं घेण्यासारखं नाही. म्हणून करार करतानाच एक कलम टाकून घ्या की इतक्या दिवसांची नोटीस आणि इतका दंड, बहुतेक दोन महिन्यांचा किराया, देऊन घर सोडता येईल आणि उरलेले चेक परत मिळतील. कलम नसलं तर सगळं मालकाच्या मर्जीवर जातं. पुढच्या वर्षी किराया वाढवायचा असला तर मालकाने करार संपायच्या 90 दिवस आधी कळवायला पाहिजे, तेवढी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि एसीचा खर्च किरायात आहे की वेगळा, तिकडे त्याला चिलर म्हणतात, हे विचारल्याशिवाय दोन घरांच्या किरायाची तुलनाच करू नका, जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो एकटाच बजेट हलवून टाकतो.

मुलगा बाहेर होस्टेलला आहे. साओजी मसाला भाजला की अलार्म वाजतो आणि आख्खी बिल्डिंग खाली उतरते. रूममेट त्या डिटेक्टरवर पिशवी बांधून ठेवतात. चालतं का?
एक आजी, इतवारी

नाही आजी, अजिबात नाही चालत. तो डिटेक्टर झाकणं म्हणजे खरी आग लागली तर झोपलेल्या पोरांना कळणारच नाही, आणि सापडलं तर दंड होतो, जागा जाते ती वेगळी. मसाला तुम्ही इथूनच भाजून, वाटून द्या, तिकडे फक्त तेलात परतायचा, तेही चिमणी चालू करून, खिडकी उघडून आणि किचनचं दार लावून. बहुतेक वेळा धूर किचनच्या दारातून बाहेर पॅसेजमध्ये जातो आणि तिथला डिटेक्टर बोंबलतो.

मुलीला लीड्सला अ‍ॅडमिशन आहे. चार मुली मिळून घर घेताहेत. एजंट म्हणतो यूकेमधला गॅरंटर आणा नाहीतर सहा महिन्यांचा किराया एकदम भरा. तिथं आमचं कोणीच नाही.
एक वडील, धरमपेठ

दादा, पहिल्या वर्षी शक्य असेल तर युनिव्हर्सिटीच्याच होस्टेलमध्ये राहू द्या. बाहेरून येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पुष्कळ युनिव्हर्सिट्या ठरलेल्या तारखेच्या आत अर्ज केला तर खोलीची हमी देतात, ती तारीख चुकवू नका. घराच्या घाईत ज्या तीन मुलींना अजून प्रत्यक्ष पाहिलंसुद्धा नाही त्यांच्यासोबत एकाच कागदावर सही करणं मला बरोबर वाटत नाही. का, ते पुढे सांगते.

सहा महिन्यांचं असं आहे की इंग्लंडमध्ये 2025 मध्ये रेंटर्स राइट्स अ‍ॅक्ट झाला, त्यात खाजगी घरांच्या 1 मे 2026 नंतरच्या करारांना मालक एका महिन्यापेक्षा जास्त किराया आगाऊ मागू शकत नाही. खाजगी कंपन्यांची मोठी स्टुडंट होस्टेलं असतात त्यांचे नियम वेगळे, ती या कायद्यात तशीच्या तशी येत नाहीत. गॅरंटरसाठी आधी युनिव्हर्सिटीला विचारा, काही ठिकाणी युनिव्हर्सिटी स्वतःच गॅरंटर होते. नाहीतर फी घेऊन गॅरंटर होणाऱ्या कंपन्या असतात, त्यांचा खर्च किरायात धरूनच घर परवडतं का ते पाहा.

डिपॉझिटचं गणित तिकडे आठवड्यावर चालतं. महिन्याला 650 पौंड असेल तर वर्षाचे 7,800, भागिले 52, म्हणजे आठवड्याला 150 पौंड. घर धरून ठेवायला जास्तीत जास्त एक आठवड्याचे 150 आणि डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं 750. अ‍ॅडमिन फी, रेफरन्स फी वगैरे नावाने जे मागतात ते 2019 च्या कायद्याने बंद झालेलं आहे, देऊ नका. ते 750 मालकाला नुसते खिशात घालून बसता येत नाही, 30 दिवसांच्या आत सरकारमान्य तीन स्कीमपैकी एकीत संरक्षित करावे लागतात आणि कुठल्या स्कीममध्ये ठेवले ते मुलीला लेखी कळवावं लागतं. नाही केलं तर कोर्ट मालकाला एकपट ते तिप्पट रक्कम द्यायला लावू शकतं. एकतिसाव्या दिवशी मुलीने तीनही स्कीमच्या साइटवर आपलं नाव शोधावं, काही मिनिटांचं काम आहे. हे सगळं इंग्लंडचं, स्कॉटलंडला वेगळे नियम.

आता त्या चार मुलींचं. चौघींचा मिळून एकच करार असेल तर चौघीही सगळ्या किरायाला जबाबदार, म्हणजे एक मुलगी डिसेंबरात सोडून गेली तर तिचा हिस्सा मालक तुमच्या मुलीकडून मागू शकतो. आणि तुम्ही म्हणाल गॅरंटर होतो, तर तुम्हीही त्या सगळ्याला बांधले जाता, गॅरंटीच्या कागदावर "फक्त माझ्या मुलीचा हिस्सा" असं लिहून मागा. खोलीप्रमाणे वेगळा करार मिळत असेल तर थोडा महाग पडला तरी तोच घ्या. चौघीही फुलटाइम विद्यार्थिनी असतील तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा तिथला कर, लागत नाही, पण युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट कौन्सिलला द्यावं लागतं, आणि चौघींपैकी एक नोकरी करणारी निघाली तर बिल येतं.

मी मूळचा हिंगणा रोडचा, ब्रॅम्प्टनला बेसमेंटमध्ये दीड वर्ष राहिलो. मालक आपल्याच देशाचा, घरच्यासारखा. येताना पहिल्या-शेवटच्या महिन्याच्या किरायाशिवाय 1,000 डॉलर "डॅमेज डिपॉझिट" म्हणून कॅश घेतले होते. आता घर सोडलं तर म्हणतो कार्पेट खराब झालं, काही मिळणार नाही. तक्रार करावी तर वाटतं आपल्याच माणसाविरुद्ध कसं जायचं.
एक वाचक, सध्या कॅनडा

भाऊ, आपला माणूस असता तर मागायलाच नको होते, कारण तुमचं ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात येतं त्या ऑन्टारिओत डॅमेज डिपॉझिट घेणंच बेकायदेशीर आहे. तिथं फक्त शेवटच्या महिन्याचा किराया आगाऊ घेता येतो, तोही शेवटच्या महिन्याच्या किरायातच वळता करायचा, आणि त्यावर दर वर्षी व्याज द्यायचं असतं. चाबीचं डिपॉझिट घेतलं तर चाबी करायला जेवढा खर्च येतो तेवढंच, आणि परत करायचं. कार्पेट खरंच खराब झालं असेल तर मालकाने रीतसर अर्ज करून भरपाई मागावी, तुमचे 1,000 डॉलर दाबून ठेवायचा हक्क त्याला नाही.

तुम्ही लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे टी1 नावाचा अर्ज करू शकता, पैसे घेतल्यापासून एक वर्षाची मुदत असते आणि तुम्ही दीड वर्ष राहिलात म्हणजे तारीख फार नीट पाहावी लागेल. म्हणून थांबू नका, या आठवड्यातच जवळच्या कम्युनिटी लीगल क्लिनिकमध्ये जा, तिथं कमी उत्पन्नाच्या लोकांना फुकट सल्ला देतात, आणि स्मॉल क्लेम्स कोर्टाचा रस्ता तुमच्या केसमध्ये लागू पडतो का ते त्यांनाच विचारा. सोबत हेही सांगा की किचन किंवा बाथरूम मालकाच्या कुटुंबासोबत शेअर होतं का, कारण तसं असेल तर हा कायदा आणि हा बोर्ड दोन्ही लागू होत नाहीत. बेसमेंटवाल्या पुष्कळ पोरांची केस इथंच अडकते, वरचं किचन वापरायची सोय म्हणून आनंदाने घर घेतात आणि कायद्याचं छत्र निघून गेलंय हे कोणी सांगतच नाही.

कॅश दिल्याचा पुरावा काय? रसीद नसेल तर मेसेज पाहा, "हजार मिळाले भाई" असं एक वाक्य सापडलं तरी कामाचं. बँकेतून तेवढे काढल्याची नोंद काढा. मालकाला भांडण न करता एक मेल लिहा, अमुक तारखेला तुम्ही 1,000 घेतले ते परत करा, त्याने उत्तरात "कार्पेटसाठी ठेवले" असं लिहिलं की घेतल्याचं त्याने स्वतःच कबूल केलं. आपल्या माणसाविरुद्ध गेलो असं मनात आणू नका, तुमच्यानंतर त्या बेसमेंटमध्ये जे पोरगं येईल ना, ते पण आपलंच असेल.

माझं वय 71. मुलगी एकटी जर्मनीला नोकरीनिमित्त गेली आहे, अजून तात्पुरत्या खोलीत आहे, रोज घरं पाहते आणि रोज नकार येतो. फोनवर रडते. मला तिकडचं काहीच कळत नाही. इथून मी काय करू शकतो?
एक वडील, महाल

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नकार तिच्या एकटीला येत नाही, मोठ्या शहरांत एका घराला शंभर-शंभर अर्ज जातात, तिला हे सांगा की तुझ्यात काही कमी नाही. आणि तुम्ही इथून पुष्कळ करू शकता.

नागपुरात किंवा पुण्यात, जिथं कुठं ती आधी किरायाने राहिली असेल, त्या घरमालकाकडे जाऊन इंग्रजीत एक पत्र आणा की ही मुलगी इतकी वर्षं राहिली, किराया वेळेवर दिला, घर नीट ठेवलं. जर्मनीत शूफा नावाचा उधारीचा रिपोर्ट मागतात आणि नव्या माणसाचा त्यात काहीच इतिहास नसतो, तेव्हा नोकरीचा करार, तीन पगाराच्या स्लिपा आणि हे पत्र, असे कागद एकाच पीडीएफमध्ये तयार असले की घर पाहून झाल्याबरोबर तिथूनच पाठवता येतात, आणि जो आधी पाठवतो त्याचं आधी उघडलं जातं. पासपोर्टच्या कॉपीवर आडवं लिहून ठेवायला सांगा, "फक्त घराच्या अर्जासाठी", आणि तारीख.

एक वही करा. रोज कुठल्या पत्त्यावर गेली, किराया किती, थंड किती गरम किती, कोणाला भेटली, काय म्हणाले. ती थकून येते, तिच्या लक्षात राहत नाही, तुमच्या वहीत राहील, आणि दोन आठवड्यांनी तुम्हालाच दिसेल की कोणत्या भागातून उत्तरं येतात आणि कोणत्या भागात उगाच पायपीट होऊन राहिली. तिकडच्या उन्हाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेचार, म्हणजे ती संध्याकाळी सहाला घर पाहायला जाते तेव्हा तुमचे साडेनऊ-साडेदहा वाजलेले असतात. जेवण आटपून बसा. तिला व्हिडिओ कॉल चालू ठेवू द्या आणि तुम्ही सांगत जा, नळ सोडून पाहा बेटा, गरम पाणी किती वेळाने येतं, खिडकीच्या खाली हात लावून पाहा ओल आहे का, मीटर कुठंय विचार.